लायनेलचे तेवीस यार्ड

आमच्या ब्रॅकनथॉर्प गावात लायनेल क्रॅबट्रीने एकतीस वर्षं बस चालवली आणि त्या एकतीस वर्षांत ती एकदाही वेळेवर आली नाही. गावाची त्याबद्दल काही तक्रार नव्हती, कारण उशीर आपल्यामुळेच होतो हे ज्याला त्याला ठाऊक होतं. कुणाचा एक बूट सापडत नसे, कुणाचं कुत्रं कुंपणातून निसटलेलं असे, आणि लायनेल इंजिन चालू ठेवून खिडकीतून मान बाहेर काढून बसलेला असे. "सावकाश या हो, मी कुठे पळून चाललोय?" असं वर तोच म्हणायचा. एकदा कंपनीचा साहेब घड्याळ घेऊन तपासणीला आला, तर म्हातारी मिसेस बूथ पाकीट विसरली म्हणून परत गेली होती, तिच्यासाठी साहेबालाही पाच मिनिटं थांबावं लागलं. लायनेलने त्याची माफी मागितली. मिसेस बूथचीही मागितली. माफी मागणं हा त्याचा श्वासच होता म्हणा ना.

एनिड त्याला त्या बसमध्येच भेटली. ती बिस्किटांच्या कारखान्यात कामाला होती, सकाळी सात-चाळीसला ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायची. सहा महिने दोघं फक्त हवेबद्दल बोलले. सातव्या महिन्यात तिने त्याला फुटक्या बिस्किटांची एक पिशवी दिली. आमच्या भागात एवढं झालं की लग्न ठरल्यातच जमा असतं.

मी मॅज गारसाईड, त्यांची शेजारीण. आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे एनिड हसली की मला ऐकू यायचं, आणि ती हसायची खूप. स्केलबीच्या कोर्टात मी सव्वीस वर्षं पुकारा करायचं काम केलं. काळा झगा घालून नावं पुकारायची, साक्षीदारांना बाहेर बसवायचं, रडणाऱ्यांना पाणी द्यायचं आणि बडबडणाऱ्यांना गप्प करायचं. माझा स्वभाव तिखट आहे असं गाव म्हणतं, ते खरंच आहे. आणि पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी तर माझ्याकडे दयामाया अजिबात नाही. त्यांच्या पायी गेलेल्या पोरांचे आईबाप मी त्याच बाकांवर बसलेले पाहिलेत.

तेव्हा लायनेलवर ही पाळी आली आणि मी त्याच्या बाजूने उभी राहिले, याचं नवल गावाआधी मलाच वाटलं.

पाच-सहा वर्षांपूर्वी एनिडची आठवण विरत चालली. आधी नावं गेली, मग चुलीवरची पातेली, मग एका रात्री ती कारखान्यात निघाली, जो बंद होऊन वीस वर्षं झाली होती. शेवटी, तीन वर्षांपूर्वी, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तिला स्केलबीच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. इथून अकरा मैल. ज्या रस्त्यावर लायनेलने जन्म घालवला त्या रस्त्यावर आता बस फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी येते, ती सकाळी जाते आणि दुपार व्हायच्या आत परतते. मग लायनेल रोज दोन वाजून दहा मिनिटांनी आपली छोटी लाल गाडी काढायचा आणि अडीचला तिच्यापाशी हजर. वर्षातले तीनशे पासष्ट दिवस. ती त्याला कधी ओळखायची, कधी नाही, पण चहा मात्र त्याच्याच हातून घ्यायची. तिथल्या पोरींनी दिला तर कप हळूच बाजूला सरकवून म्हणायची, "नंतर घेते हं, आमचे हे यायचेत."

यापुढचं जे झालं ते ऑगस्टच्या एका शनिवारी, भरदिवसा, आमच्या फुलां-भाज्यांच्या प्रदर्शनाच्या दिवशी.

सकाळी चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवायच्या होत्या. लायनेल तिथला जुना घंटावाला. सहा घंटा, सहा माणसं, पाऊण तास न थांबता, आणि एकाचाही दोर चुकता कामा नये. त्या दिवशी शाळेतल्या मास्तरीणबाईंनी पहिल्यांदाच पूर्ण पाऊण तास वाजवला होता. आमच्याकडची रीत अशी, की ज्याचं पहिलं झालं त्याने उरलेल्या पाचांना 'लँब' या आमच्या पबमध्ये नेऊन एकेक पाइंट बिअर पाजायची, आणि ती नाकारायची नाही. नाकारणं म्हणजे तू नीट वाजवलं नाहीस असं तोंडावर सांगणं. एकदा एकाने पाजली की दुसऱ्याला बसवत नाही. असे लायनेलचे दोन पाइंट झाले, आणि वर मालकाने हौसेने दिलेला अर्धा.

तो काही गाडीने घरी जाणार नव्हता. 'लँब'पासून त्याचं घर चालत तीन मिनिटांवर. गाडी आणली होती ती प्रदर्शनाला द्यायचे कांदे आणि डेलियाची फुलं हातात घेऊन चालता येत नाहीत म्हणून. चर्चच्या फाटकाशी लावून ठेवली होती, ती दुसऱ्या दिवशी नेणार होता.

दोनला पाच कमी असताना ब्रास बँडचा ट्रक आला आणि वळणावर अडकला. ट्रकवाल्याने दारातून हाक दिली, "त्या लाल गाडीचे मालक इथे आहेत का? जरा पुढे घेता का? माफ करा हं, जेवताना त्रास देतोय."

आता 'लँब'मध्ये त्या घटकेला एक तरी शुद्धीतलं माणूस होतं. आमच्या पाद्रीणबाई, रेव्हरंड जोसलिन. दारूचा थेंब घेत नाहीत, संत्र्याचा रस पितात. लायनेल ज्या टेबलाशी बसला होता, त्याच टेबलाशी त्या होत्या. किल्ली पुढे सरकवून "जरा हलवता का" एवढं म्हणायचं होतं. पण नाही. आपली गाडी कुणाच्या वाटेत आली ही कल्पनाच त्या माणसाला सहन होण्यासारखी नव्हती. कान लाल करून, सगळ्यांची माफी मागत, तो धावत बाहेर गेला, गाडी चालू केली, चर्चच्या फाटकापासून 'लँब'च्या भिंतीपर्यंत पुढे घेतली आणि बंद केली. तेवीस यार्ड. मी स्वतः नंतर टेप लावून मोजले.

इथवरच झालं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पण ट्रकच्या मागे पोलिसांची गाडी खोळंबली होती. त्यात एक तरुण शिपाई, प्रदर्शनाची रहदारी सांभाळायला आलेला. लायनेल गाडीतून उतरला आणि मुद्दाम चालत त्याच्यापाशी गेला.

"माफ करा हं, साहेब. माझ्यामुळे तुम्हाला थांबावं लागलं."

शिपायाने काच खाली घेतली आणि त्याला बिअरचा वास आला.

बिचाऱ्या पोराचं तोंड उतरलं होतं, मी समोरच्या प्रदर्शनाच्या तंबूच्या दारातून पाहत होते. त्याने यंत्र काढलं. लायनेलने त्यात फुंकर मारली, आणि यंत्र हातात धरायला त्याला मदतही केली. नंतर ठाण्यावर श्वासातल्या दारूचा आकडा लागला अठ्ठेचाळीस. कायद्याची मर्यादा पस्तीस.

संध्याकाळी तो माझ्या दारात उभा. बेल न वाजवता.

"मॅज, तुला त्रास देत नाही ना?"

"अरे गाढवा," मी म्हटलं, "आत ये."

त्याला मी समजावलं ते तुम्हालाही सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पिऊन गाडी चालवली हे सिद्ध झालं की आमच्या कायद्याने किमान एक वर्ष लायसन्स जातंच, मॅजिस्ट्रेटच्या मनात असो वा नसो. त्यातून सुटायला एकच बारीक फट आहे, 'खास कारण'. आणि ते कारण गुन्ह्याचं असावं लागतं, गुन्हेगाराचं चालत नाही. माझी नोकरी जाईल, माझी बायको आजारी आहे, माझ्या कुत्र्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं, हे सगळं कोर्ट ऐकून घेतं, मान हलवतं आणि लायसन्स काढून घेतं. चालतं ते काय? एकाच्या लिंबूपाण्यात मित्राने त्याला न सांगता वोडका ओतली होती, तो सुटला. एक बाई बर्फात दम्याने गुदमरणाऱ्या पोराला घेऊन दवाखान्यात गेली, अँब्युलन्स पोचत नव्हती, ती सुटली. दुसरा एक बाप असाच पोराला घेऊन गेला, पण पोराला सोडल्यावर तसाच गाडी चालवत घरी परतला. त्याचं गेलं. आणि कधीमधी असा कुणी सुटतो, ज्याने गाडी चार पावलं हलवली, कुणाला धोका नव्हता, आणि मुख्य म्हणजे पुढे जायचा त्याचा विचार नव्हता. हे सगळं पटवायचं ओझं मात्र आपल्या डोक्यावर.

"म्हणजे एनिडचं सांगायचं नाही?" लायनेल म्हणाला.

"सांगून उपयोग नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि बराच वेळ माझ्या चहाच्या कपाकडे बघत बसला.

वकील मिळाले ते अख्तर, स्केलबीचेच. हुशार माणूस, माझ्या कोर्टाच्या दिवसांत तो नवखा पोरगा होता, मी त्याला टाय सरळ करायला लावायची. त्याने मला शेजारी बसवूनच लायनेलला विचारलं.

"क्रॅबट्रीसाहेब, एकच गोष्ट. तुम्ही गाडी आणखी पुढे नेणार होतात का?"

"नाही."

"त्या दिवशी नंतर कुठे जायचं होतं?"

लायनेलने हातातली टोपी फिरवली. "घरी. चालत."

"झालं तर. एवढंच सांगायचं, त्यांच्याकडे बघून सांगायचं."

गुन्हा कबूल केला. खास कारणाच्या सुनावणीची तारीख सहा आठवड्यांनी पडली. तोवर लायनेलला गाडी चालवायला कुणी मना केलं नव्हतं, पण त्यानेच ती ताडपत्रीखाली झाकून ठेवली. मग रोज मी त्याला स्केलबीला नेऊ लागले. तेव्हा मला कळलं की या माणसाचं लायसन्स गेलं तर काय होईल.

तो दोन वाजता माझ्या फाटकाशी येऊन उभा राहायचा आणि बेल वाजवायचा नाही. पाऊस असला तरी नाही. मी खिडकीतून बघेपर्यंत तो तसाच. "बेल कशासाठी लावलीय भिंतीला?" मी ओरडायची. "तू काहीतरी करत असशील म्हटलं," तो म्हणायचा, टोपीतून पाणी निथळत. तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्यावर माझ्याकडे ही तऱ्हा. आणि नोव्हेंबरात माझ्या खुब्याचं ऑपरेशन होतं, मग दोन-तीन महिने मीही गाडीत बसणार नव्हते. गावात इतर पन्नासजण आनंदाने त्याला नेतील. पण तो पन्नासांतल्या एकालाही सांगणार नाही, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. तो मंगळवारी आणि शुक्रवारी बसने जाईल, तासभर बसून परतेल, आणि उरलेले पाच दिवस एनिडचा कप बाजूला सरकत राहील. तो अठ्ठ्याहत्तरचा, ती शहात्तरची. त्या वयात एक वर्ष म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

गावालाही हे कळत होतं, म्हणून गावाने गावासारखा घोळ घातला. रेव्हरंड जोसलिननी एक पत्र लिहिलं. त्यावर एकशे बारा सह्या, दोन तर चार वर्षांच्या पोरांच्या. 'लायनेल क्रॅबट्री यांनी गेल्या तीन वर्षांत आपल्या पत्नीची भेट एक दिवसही चुकवलेली नाही. ऊन असो, बर्फ असो, दोन वाजून दहा मिनिटांनी ते निघतात.' पत्र वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. अख्तरच्या डोळ्यांत नाही आलं.

"हे कोर्टाला द्यायचं नाही," तो म्हणाला.

"कालच पोस्टात टाकलं," रेव्हरंड जोसलिन म्हणाल्या. "रजिस्टरने. का हो?"

अख्तरने चष्मा काढून पुसला.

मला ते समजायला आणखी दोन दिवस लागले, आणि समजलं ते वृद्धाश्रमात. लायनेल एनिडला चहा पाजत होता. मी दारात उभी होते. मारिसेल म्हणून तिथे एक फिलिपिनो पोरगी आहे, एनिडचं सगळं तीच करते. तिने मला हळूच विचारलं, "मॅजआजी, क्रॅबट्रीकाकांची ती सर्दी गेली ना पुरती? या वयात छातीत उतरते."

"कसली सर्दी?"

"ते नाही का, ऑगस्टमध्ये. प्रदर्शनाच्या दिवशी. सकाळीच फोन आला होता त्यांचा, येत नाही म्हणून."

परतीच्या वाटेवर मी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"लायनेल, त्या शनिवारी तू आश्रमात फोन केला होतास?"

तो समोरच्या मेंढ्यांकडे बघत राहिला. कान लाल झाले.

"तुला सर्दी नव्हती. मनोऱ्यात तू माझ्यासमोर जिना चढलास."

"नव्हती."

"मग अरे माणसा, हाच तर तुझा पुरावा! तू पुढे जाणारच नव्हतास. सरकारी वकीलबाई ते पत्र तुझ्या नाकापुढे धरणार. रोज दोन-दहाला निघतोस ना, मग दोनला पाच कमी असताना गाडीत बसलास तो कशाला, असं विचारणार. आणि तू काय सांगणार?"

"नाही म्हणून सांगेन."

"आणि त्यांनी का विश्वास ठेवावा?"

"मॅज," तो म्हणाला, "एकशे बारा लोकांनी सही केलीय."

"म्हणून?"

"म्हणून मी उभा राहून कसं सांगू, की त्या दिवशी मी बायकोला टाळलं?"

माझा पारा चढला. "तुझी लाज मोठी की एनिडचा चहा मोठा? ते आधी ठरव!"

घराशी उतरताना तो म्हणाला, "अख्तरला सांगू नकोस. मी हात जोडतो." तीस वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. मी अख्तरला सांगितलं नाही. पण सुनावणीच्या दिवशी मारिसेलला सुट्टी घ्यायला लावली, तिच्या मॅनेजरबाईंकडून आश्रमाची डायरी मागून घेतली, आणि दोघींना, म्हणजे मारिसेलला आणि डायरीला, कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. साक्षीदाराने आधी आत येऊन बसायचं नसतं, हे सव्वीस वर्षं मीच लोकांना सांगत आले होते.

कोर्टात मागचे बाक ब्रॅकनथॉर्पने भरले होते. समोर तिघं मॅजिस्ट्रेट, मधल्या बाई अध्यक्ष. लायनेल लग्नाचा कोट घालून पिंजऱ्यात उभा राहिला, शपथ घेतली. अख्तरने त्याच्याकडून तेवीस यार्ड, ट्रक, बँड सगळं नीट वदवून घेतलं. मग सरकारी वकीलबाई उठल्या. नीटनेटक्या, आवाज मऊ. मऊ आवाजाच्या वकिलांची मला नेहमीच भीती वाटत आलीय.

"गाडी हलवायला दुसरं कुणी नव्हतं का, क्रॅबट्रीसाहेब?"

"होतं. रेव्हरंड जोसलिन होत्या. त्या पीत नाहीत."

"मग त्यांना का नाही सांगितलंत?"

"त्यांचा मासा नुकताच आला होता, बाई. गरमागरम होता."

मागे कुणीतरी हसलं. अध्यक्षबाईंनी ओठ दाबले. डावीकडच्या मॅजिस्ट्रेटने मात्र ते लिहून घेतलं.

मग वकीलबाईंनी पत्र काढलं. आमचंच पत्र. मोठ्याने वाचलं, आणि छान वाचलं. "एक दिवसही चुकवलेला नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी निघतात. तुम्ही गाडी चालू केली ती एक पंचावन्नला. क्रॅबट्रीसाहेब, मला तुमच्याबद्दल आदर आहे. पण खरं सांगा, त्या पोलिसाने अडवलं नसतं तर तुम्ही सरळ आपल्या पत्नीकडेच निघाला असतात ना?"

मागे रेव्हरंड जोसलिननी तोंडावर हात ठेवला. त्यांना तेव्हा कळलं.

लायनेलने वळून आमच्याकडे पाहिलं. सगळ्या बाकांवरून त्याची नजर फिरली. एकेकाला त्याने बसमध्ये चढवलं होतं, एकेकासाठी थांबला होता.

"पत्र बरोबर नाहीये, बाई," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे गावाचं काही चुकलं नाही. गावाला माहीतच नव्हतं. मी त्या दिवशी जाणार नव्हतो. सकाळी आश्रमात फोन करून सांगितलं, सर्दी झालीय. सर्दी म्हटलं की ते तुम्हाला येऊ देत नाहीत, म्हाताऱ्या माणसांना लागण होते ना. प्रश्नच मिटतो."

"आणि सर्दी झाली होती?"

"नाही."

"मग का केलात फोन?"

त्याने पिंजऱ्याचा कठडा धरला. "मला जायचं नव्हतं."



"तीन वर्षांत एक दुपार," तो म्हणाला. "घंटा वाजवायच्या, चार माणसांत उभं राहून एक पाइंट प्यायचा. कुणी 'एनिड कशी आहे' असं विचारायच्या आत आपणच कांद्यांचं बोलायचं. एवढंच. मी तिला खोटं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा. आणि त्याच दिवशी हे झालं, तेव्हा... बरोबरच झालं म्हणा."

वकीलबाईंचा आवाज आणखी मऊ झाला. "या फोनचा काही पुरावा आहे का?"

अख्तर गोंधळून कागद चाळत होता. आणि मी उभी राहिले. प्रेक्षकांनी बोलायचं नसतं, हे ज्या बाईने शेकडो लोकांना दटावून सांगितलं, ती मी मोठ्याने म्हणाले, "आहे! बाहेर बाकावर बसवलाय!"

"मिसेस गारसाईड," खालून कोर्टाचे कायदे-सल्लागार म्हणाले, "खाली बसा. तुम्हाला तरी सांगायला लागू नये."

मी बसले. अख्तरने दहा मिनिटं मागितली, मिळाली, आणि मारिसेल आत आली. शपथ घेऊन तिने डायरी उघडली. "दहा वाजून पाच मिनिटं. मिस्टर क्रॅबट्री यांचा फोन. सर्दी. आज येणार नाहीत."

"धन्यवाद," अख्तर म्हणाला. त्याला तेवढंच हवं होतं.

पण अध्यक्षबाई पुढे वाकल्या. "त्या दिवशी याविषयी आणखी काही नोंद आहे का? असेल तर पूर्ण वाचा."

मारिसेलने लायनेलकडे पाहिलं. मला वाटलं, नको ग बाई. पण शपथ ती शपथ.

"दोन-तीस," तिने वाचलं. "एनिड कोट घालून दाराजवळ बसली. आज येणार नाहीत हे तीन वेळा सांगितलं. चार वाजता, अजून दाराजवळ. चहा घेतला नाही. सहा वाजता, कोट काढू देत नाही."

हे लायनेलला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तो कठडा धरून तसाच उभा होता, आणि एकशे बारा सह्यांपैकी जेवढ्या तिथे हजर होत्या त्यांपैकी एकीलाही वर बघवेना.

तिघं उठून आत गेले, वीस मिनिटांनी आले. अध्यक्षबाईंनी कागदावरून वाचलं: अंतर अगदी थोडं, धोका कुणाला नाही, दुसऱ्याच्या विनंतीवरून गाडी हलवली, आणि पुढे जाण्याचा हेतू नव्हता हे आम्हाला पटलं आहे. शुद्धीतल्या माणसाला सांगायला हवं होतं, ते तुम्ही केलं नाहीत, म्हणून दंड होईल आणि लायसन्सवर दंडाच्या गुणांची नोंदही होईल. पण खास कारण आम्ही मान्य करतो. लायसन्स जाणार नाही. मग कागद खाली ठेवून त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी, क्रॅबट्रीसाहेब, मासा थंड होऊ द्या."

मागच्या बाकांवर लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. लायनेल जागचा हलला नाही. शेवटी मीच जवळ गेले. "सुटलास. चल."

बाहेर सगळे त्याच्या पाठीवर थापा मारायला आले. एकानेही फोनचा विषय काढला नाही. रेव्हरंड जोसलिन रडत माफी मागत होत्या आणि हा उलट त्यांचीच माफी मागत होता, त्या माशाबद्दल. मग तो गर्दीतून वाट काढत मारिसेलपाशी गेला.

"मग ती कधी उठली तिथून?"

"झोपायच्या वेळी," मारिसेल म्हणाली. "काका, मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी त्यांना काही आठवतही नव्हतं."

"हो," तो म्हणाला. "तिला नाही आठवत. म्हणजे आता ते मलाच आठवायला हवं."

बारा वाजून गेले होते. अडीचपर्यंत थांबायची त्याची तयारी नव्हती, म्हणून मी तशीच गाडी आश्रमाकडे घेतली. एनिड खिडकीशी बसली होती, तिचा बरा दिवस होता. तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि मी अजून दारात आहे याचं भान न ठेवता बोलला.

"एनिड, त्या शनिवारी मी आलो नाही. सर्दी झालीय म्हणून कळवलं. मला सर्दी झालीच नव्हती ग. खोटं बोललो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. कपाळाला आठ्या पडल्या. मला वाटलं, काही कळलं नाही तिला.

"नव्हती झाली?" ती म्हणाली.

"नाही."

"मग बरं झालं हो." तिने त्याचा हात थोपटला. "मी किती काळजीत होते."

लायनेलला खिशात रुमाल सापडेना. मी माझा दिला आणि चहाचं बघायला स्वयंपाकघरात गेले.